बाजूला ठेवलेला कॅन

लिंबाजी, तुझ्या मातीला आलेली माणसं मी मोजायला लागलो होतो. सभा असो, मोर्चा असो, गर्दी दिसली की मोजायची ही धंद्याची सवय. ओढ्याच्या काठानं बसलेली, बाभळीखाली उभी राहिलेली, तुझ्या वाडीच्या रस्त्यानं अजून येतच असलेली. शंभराच्या पुढे गेल्यावर मी सोडून दिलं, कारण आपण का मोजतो आहोत ते माझं मलाच कळलं. माझे वडील अठरा वर्षं सोसायटीचे चेअरमन होते. त्यांच्या मातीला इतकी माणसं नव्हती. तुझ्या सरणापासून वीस पावलांवर उभा राहून मी ही तुलना करत होतो. मेलेल्या माणसाचा हेवा करणारे फार नसतील. मी करत होतो, आणि हे लिहितानाही तो गेलेला नाही.

जन्म, शिक्षण, पश्चात पत्नी, एक मुलगी, असं जे लिहितात ते आतल्या पानावर येऊन गेलं. मीच लिहिलं होतं, अकरा ओळी. हे वेगळं आहे आणि ते वहिनींच्या सांगण्यावरून लिहितो आहे. तुझ्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवसापासून वाडीवरच्या डेअरीत तुमच्या घरचं दूध घेत नाहीत. दावणीला चार म्हशी आहेत. विहीर आटली आहे, कडबा विकतचा आहे, आणि घरात येणारा दुसरा पैसा नाही. वहिनी रोज कॅन घेऊन जातात, सचिव तो बाजूला ठेवायला सांगतात, सगळ्यांचं माप झालं की वहिनी तो तसाच उचलून घरी आणतात. का, हे तुला सांगायला नको. वाचणाऱ्यांना मात्र सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर बरंच मागं जावं लागेल.

आपली ओळख मेंढरांनी करून दिली. नांदूरघाटला आमच्या रानात दर उन्हाळ्यात तुझ्या वडिलांची मेंढरं बसायची. काढणी झालेल्या रानात कळप बसवायचा, लेंडीखत रानाला मिळतं, बदल्यात मेंढपाळाला ज्वारी द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. कळपाबरोबर तू यायचास. टिटवी ओरडली की तू सांगायचास, खाली माणूस आहे, कुत्रं आहे की साप आहे. मी म्हणायचो, गप्पा हाणू नको. मग आपण बघायला जायचो आणि साप असायचा. एकदा माझे वडील बांधावर उभे होते. त्यांनी हे ऐकलं आणि मला म्हणाले, "ह्याचे कान बग. तुझ्या डोक्याला काय वांगी लटकवल्यात का?"

वडील विनोदानं म्हणाले होते. पण त्यांनी तुझी केलेली तारीफ मी कधी विसरलो नाही, आणि माझी केलेली एकही मला आठवत नाही. रान आमचं होतं, ज्वारी आम्ही देत होतो, आणि तरी तुझ्याजवळ काहीतरी असं होतं जे आमच्या सातबाऱ्यावर नव्हतं. माझ्या हेव्याला सुरुवात कुठून झाली असं कुणी विचारलं तर मी तो बांध दाखवीन.

पुढं तू प्राणिशास्त्राला गेलास, मी बातमीदारीला. बीडला जिल्हा वार्ताहर झालो. दुष्काळ आणि सहकार हे माझे दोन विषय. टँकर किती, छावण्या किती, कोणत्या कारखान्याचं गाळप थांबलं, कोणत्या दूध संघावर प्रशासक आला. या जिल्ह्यात हे दोन विषय संपत नाहीत, त्यामुळे मला तिसरा कधी मिळाला नाही. तू चेर्नोबिलला गेलास.

तिथली अणुभट्टी फुटून तोवर बरीच वर्षं झाली होती. माणसं हलवली होती. पाखरांना कुणी हलवलं नव्हतं. माळभिंगऱ्या, ज्यांना आपण वाडीत सरसकट पाकुळ्या म्हणतो, त्या दर उन्हाळ्यात परत येऊन त्याच मातीचा चिखल चोचीत धरून घरटी बांधत होत्या. त्यांची तब्येत तपासणाऱ्या परदेशी लोकांबरोबर तू तीन उन्हाळे काढलेस. पहाटे जाळं लावायचं, पाखरू हळूच सोडवायचं, पायात नंबराची कडी घालायची, शेपटीचं पीस मोजायचं, रक्ताचा एक थेंब घ्यायचा, चोच आणि डोळे बघायचे, पोटावरची पिसं फुंकरीनं बाजूला करून कातडी बघायची आणि सोडून द्यायचं. तू लिहायचास की काहींच्या गळ्याशी पांढरी पिसं निघतात, जिथं निघू नयेत तिथं. एखाद्याच्या डोळ्यावर सारा, पांढुरका पडदा, असतो. एखाद्याची चोच वर एकीकडे आणि खाली एकीकडे. काही घरट्यांतली अंडी उबतच नाहीत. कडी घातलेल्यांपैकी बरीच दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत.

आणि प्रत्येक पत्रात या यादीनंतर एक ओळ असायची की कारण अजून माहीत नाही. कारण ही पाखरं गोठ्यांत घरटी करतात, आणि तिथले सामूहिक शेतीचे मोठमोठे गोठे माणसांबरोबर रिकामे झाले होते. गुरं गेली, गुरांमागे माश्या गेल्या, माश्यांवर जगणारं पाखरू उपाशी राहिलं. किरणांनी किती बिघडलं आणि उपासानं किती, हे वेगळं करण्यातच सगळं काम आहे, असं तू लिहायचास. आपल्याकडे गुरं छावणीत गेली की वाडीतल्या पाकुळ्या कमी होतात, हे तू लहानपणीच बघितलं होतंस. ते तुला तिथं उपयोगी पडलं. तुझ्याबरोबरच्या लोकांना ते पुस्तकातून शोधावं लागलं.

मी ही पत्रं कार्यालयात वाचायचो, टँकरच्या आकड्यांची वाट बघत. हैदराबादच्या पलीकडे मी कधी गेलेलो नाही. तू एकदा लिहिलं होतंस की पाखरू मुठीत धरल्यावर त्याचं काळीज बोटाला लागतं. मी इतक्या पुढाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, एकाचंही काळीज बोटाला लागलं नाही. हे मी तुला उत्तरात लिहिलं, विनोद म्हणून. तो विनोद नव्हता. तुला जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणायची मुभा होती. मला सहाच्या आत पान छपाईला सोडावं लागत होतं.

परत आलास तो थेट तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला. लग्न केलंस, वाडीतच राहिलास, म्हशी घेतल्यास. परदेशात राहायची संधी होती, ती सोडली म्हणून लोक तुझं कौतुक करायचे. मला कुठली संधीच आली नव्हती, त्यामुळे मी काही सोडू शकत नव्हतो. याचाही मला त्रास झाला. इतकं लिहिलं आहे तर हेही लिहितो.

एका कार्तिकात आपण दिंद्रुडच्या फाट्यावर चहा पीत होतो. विजेच्या तारेवर भिंगऱ्यांची रांग बसली होती. तू बोट दाखवलंस.

"ते बग बे, चौथं. गळ्याला पांढरं पीस हाय."

मी लगेच विचारलं, तिकडचं इथवर पोचलं का?

"कावून पोचल? आपल्याकडं येतेत त्या हिमालयाकडच्या. तिकडच्या आफ्रिकेला जातेत. आन एखांदं पांढरं पीस कुटंबी निगतं. मानसाला न्हाई का पांढरी बट असत?"

"मग यात बातमी काय?"

"बातमी न्हाईच. शंभर धरायची, दहा वर्सं धरायची, मंग बगायचं. एका पाखरावरून काईच सांगता येत न्हाई."

"तोवर मी रिटायर होईन."

"हो की मंग. कोन आडवतंय?"

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं होतं की बातमी एकाचीच असते. एक विहीर, एक बाई, एक घागर. हजार विहिरींची बातमी कुणी वाचत नाही. तू म्हणायचास, वाचत नाहीत म्हणून हजार विहिरी एक होत नाहीत. तू हे हसत म्हणायचास. मी चिडत असे.

आता त्या वर्षाकडे येतो.

त्या खेपेच्या दुष्काळातलं छावण्यांचं पहिलं वर्ष होतं. उन्हाळ्यात वाडीच्या खालच्या पाझर तलावात डबकंभर पाणी उरलं होतं. त्याच्या काठाला एका सकाळी पाखरं मरून पडलेली सापडली. टिटव्या, ढोकऱ्या, पारवे, एक मोर. तू मला फोन केलास. म्हणालास, ये, बघून जा, पण लिहू नकोस इतक्यात. तुझा अंदाज असा होता की दुबार पेरणी फसल्यावर कुणीतरी औषध चोळलेलं उरलेलं बियाणं तिथं टाकलं असावं. नमुने तपासायला पाठवलेस. महिनाभर थांब, म्हणालास.

मी थांबलो नाही. त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून संपादकांचा फोन आला होता. मला वाटलं छावण्यांबद्दल असेल. त्यांनी तुझा नंबर मागितला. पक्ष्यांवर दर रविवारी लिहाल का, असं त्यांना तुला विचारायचं होतं. इतक्या वर्षांत रविवारच्या पुरवणीसाठी त्यांनी माझ्याकडे एक ओळही मागितली नव्हती. मी नंबर दिला. आवाज नीट ठेवला.

त्या दिवशीचं जिल्हा पान मी बीडच्या कार्यालयात बसून लावलं. डावीकडे बातमी, पाझर तलावावर पक्षी मृत, कारण अस्पष्ट. उजवीकडे चौकट, किरणोत्सर्गी प्रदेशात पक्ष्यांवर काम केलेले आपल्या जिल्ह्यातले प्राध्यापक, आणि तुझा फोटो. पांढरा झगा, तोंडाला पट्टी, एका हातात किरणं मोजायचं यंत्र, दुसऱ्या हातात भिंगरी. या दोन्हींच्या खाली तिसरी बातमी, त्याच भागातलं दूध संकलन घटलं. दूध घटलं होतं ते चारा नव्हता म्हणून, आणि तसं बातमीत लिहिलंही होतं. तिन्ही बातम्यांत एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी ती तीनदा तपासली होती. पण पान वाक्यांनी वाचलं जात नाही. डोळा एका चित्रावरून दुसऱ्यावर जातो आणि मधलं स्वतः भरतो. कुठली बातमी कुठल्या शेजारी लावायची हे मला पंचवीस वर्षांच्या कामानं शिकवलं होतं. मला माहीत होतं.

तो फोटो तू मला पाकिटात घालून दिला होतास. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतंस, तुझ्यापुरता, छापू नये.

अंक वाडीवर पोचला त्याच संध्याकाळी तुमचा कॅन पहिल्यांदा बाजूला ठेवला गेला. डेअरीचे सचिव, म्हणजे आप्पा, वाईट माणूस नाहीत. सभासद कुरकुर करायला लागले, एकाच्या दुधानं सगळी टाकी नासेल म्हणाले, आणि आप्पांना रांग पुढं सरकवायची होती. लोकांनी पान असं वाचलं होतं की लिंबाजी तिकडून किरणं अंगावर घेऊन आला, ती पाखरांना लागली, पाखरं मेली, आता म्हशींना लागणार. जणू काही ती खरूज आहे.

दोन दिवसांनी तू कॉलेजमधून किरणं मोजायचं यंत्र आणलंस. मीही तिथं होतो, वही घेऊन. तुला वाटलं, डोळ्यांनी बघितलं की पटेल. इतकी वर्षं शिकवूनही तुला माणसांचा अंदाज नव्हता, ही एकच गोष्ट मला तुझ्यापेक्षा बरी येत होती. तू यंत्र कॅनशेजारी ठेवून चालू केलंस. ते टिक टिक करायला लागलं.

"वाजतंय की ओ सर," आप्पा म्हणाले.

"आप्पा, ते सगळीकडंच वाजतंय. जिमिनीतून येतं, आबाळातून येतं. थोडं थोडं सगळीकडंच असतंय."

"मंग सगळीकडंच झालं म्हना की."

तू यंत्र डेअरीच्या उंबऱ्यावर नेलंस, तिथं वाजलं. मारुतीच्या पारावर ठेवलंस, वाजलं. शेवटी आप्पांच्या पोटासमोर धरलंस, तिथंही तेवढंच वाजलं. तुला दाखवायचं होतं की बघा, दूध, पार आणि आप्पा सगळे सारखेच. आप्पा दोन पावलं मागं सरले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मला कवा लागलं हे?"

रांगेतली माणसं हसली, मग हसायची थांबली. त्या संध्याकाळी दोन-चार घरांनी भिऊन आपलं दूध आपणच म्हशीच्या पुढ्यात ओतलं. मी ते लिहून घेतलं. छापलं नाही.

मग दूध संघाच्या प्रयोगशाळेत दूध तपासलं गेलं, स्वच्छ निघालं, लेखी पत्र आलं. पाखरांचाही अहवाल आला, बियाण्याला चोळलेलं औषध. तुझा अंदाज बरोबर होता. पावणेदोन महिन्यांनी कॅन पुन्हा मापावर चढला. मी आतल्या पानावर सहा ओळींचा खुलासा दिला, त्यात तुझं नाव होतं, माझं नव्हतं. रविवारच्या लिखाणाला तू नाही म्हणालास. या सगळ्याबद्दल मला तू एकदाच विचारलंस, बीडच्या बसस्थानकावर.

"पान कुनी लावलं बे ते?"

"वरून लागलं," मी म्हणालो. वर म्हणजे मुख्य कार्यालय.

तू माझ्याकडे बघितलंस. पाखराचा डोळा तपासताना बघत असशील तसं. मग म्हणालास, "फोटू दे मंग माघारी." मी दुसऱ्या दिवशी दिला. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. घरी येत राहिलास. आईच्या हातचं धपाटं खात राहिलास, आणि आई मला वाढायच्या आधी तुला वाढत राहिली.

दोन वर्षांपूर्वी तुझं रक्त बिघडलं. औरंगाबादच्या डॉक्टरांना मी बाजूला घेऊन विचारलं, त्या तीन उन्हाळ्यांमुळे झालं का? ते म्हणाले, असंही होऊ शकतं, पण कधी अंबाजोगाईच्या बाहेर न गेलेल्या माणसालाही हा आजार होतो. एका माणसापुरतं कुणालाच सांगता येणार नाही. मला वाटलं, तूच बोलतो आहेस.

शेवटी भेटलो ती दुपार. तू ओट्यावर गोधडी पांघरून बसला होतास, भर उन्हात. समोरच्या लिंबावर चिमण्या भांडत होत्या आणि तू त्यांच्याकडे असं बघत होतास जणू उद्या परीक्षा आहे. मी काहीतरी बोलायचं ठरवून आलो होतो. पान कुणी लावलं हे सांगायचं होतं. त्याऐवजी मी तुझ्या तब्येतीची चौकशी केली. तू म्हणालास, "माझ्यावरून काई लिऊ नको बरं का. किरनानं मेला, असलं काई. म्या एकच हाय. एकावरून काई सांगता येत न्हाई."

मला तेव्हाही हेवा वाटला. मरणाच्या दारात माणूस नशिबाला, देवाला, कुणाला ना कुणाला दोष देतो. तुझ्या दारात मी बसलो होतो, ज्याला दोष देता आला असता, आणि तू स्वतःलाही एका नमुन्याइतकंच धरत होतास.

दहाव्याला नदीत पाणी नव्हतं. टँकरचं आणलं होतं. पिंड मांडला आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले, कावळ्याची वाट बघत. कावळा आला नाही. मग आपल्या रीतीप्रमाणे एकेक जण पुढं होऊन, मनात काय राहिलं असेल ते ओळखून, मोठ्यानं शब्द द्यायला लागला. तुझा भाऊ म्हणाला, पोरीचं शिक्षण पुरं करतो. वहिनी म्हणाल्या, म्हशी विकणार नाही. कॉलेजचा एक विद्यार्थी म्हणाला, सर, तुमच्या वह्या आम्ही सांभाळू. कावळा आला नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुझा सगळ्यात जुना मित्र मीच. माझ्याजवळ देण्यासारखा एक शब्द होता आणि तो सहा शब्दांत मावला असता. मी हात जोडून उभा राहिलो. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

कावळे सगळे छावणीवर होते. पाऊण कोसावर दीड हजार जनावरं बांधलेली, पेंड सांडलेली, हौदात पाणी. कावळ्यांनी नदीच्या कोरड्या वाळूत कशाला यावं? तू असतास तर पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतंस आणि भटजींनाही पटवलं असतंस. मला ते त्याच वेळी सुचलं होतं. पण मी तिथं तोंड उघडलं असतं तर एवढ्यावर थांबलो नसतो, म्हणून उघडलंच नाही. परत येताना मागून एक म्हातारा म्हणाला, "जलमभर पाखरं हाताळली. शेवटाला पाखरानंबी शिवलं न्हाई. कायतरी व्हतंच अंगात." बरोबरच्यांनी माना हलवल्या. कुणालातरी ते जुनं पान आठवलं. सकाळी कॅन बाजूला.

गेल्या मंगळवारी दुपारी वहिनी एसटीनं बीडला आल्या. कार्यालयात माझ्या टेबलासमोर बसल्या आणि पिशवीतून ते पान काढलं. तू ठेवलं होतंस. घडीवर फाटलं होतं, तिथं मागून कागदाची पट्टी चिकटवली होती. तुझंच काम.

"भावजी, आप्पा म्हंतेत, छापून आलतं, आता छापूनच जाऊ द्या. तुमच्या पेपरात आल्याबिगर लोक ऐकनार न्हाईत."

मी म्हणालो, लिहितो.

"त्यास्नी लई मोठं करू नका. ते लई चांगले व्हते आन तसलं. त्यानं दूद कोन घेतंय? ते पान चुकीचं लागलतं एवडं लिवा." मग म्हणाल्या, "तुमाला जड जाईल. तुमच्या वरच्या सायबाचं नाव येईल त्यात. ह्यांनी सांगितलं व्हतं मला तवाच. म्हनले, त्यानं न्हाई लावलं. वरच्यांनी लावलं आन हा त्यांच्यासंगं भांडला, नोकरी सोडायला निगाला व्हता. म्हनले, त्याच्याविषयी मनात काई आनू नको."

मी त्यांना पाणी दिलं. त्या पाणी प्यायल्या, पान घडी करून टेबलावर ठेवलं आणि तीनच्या गाडीनं गेल्या.

"वरून लागलं" हे माझं खोटं होतं, ते तू घरी नेलंस, इथपर्यंत समजू शकतो. पण भांडलो, नोकरी सोडायला निघालो, हे मी कधी बोललोच नव्हतो. ते तू घातलंस. फोटो कुणाकडे होता हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. हातातल्या पाखराचं पीस एक मिलिमीटर इकडे की तिकडे यावर जो पानभर लिहायचा, त्यानं माझ्यासाठी एक अख्खा माणूस रचला, मी व्हायला हवा होतो तसा, आणि तो बायकोला खरा म्हणून सांगितला. माझी सगळी तपासलेली वाक्यं एका बाजूला ठेवली तरी तुझ्या त्या एका खोट्याची बरोबरी होत नाही. लिंबाजी, तुझे कान, तुझी पाखरं, तुझे तीन उन्हाळे, या सगळ्याचा मी केला त्याहून या खोट्याचा हेवा मला जास्त आहे. मला असं खोटं कुणासाठी कधी बोलता आलेलं नाही.

आता छापायचं ते छापतो. त्या वर्षीचं जिल्हा पान मी लावलं. बीडच्या कार्यालयात, माझ्या हातानं, कुणाच्या सांगण्यावरून नाही. मी कुणाशी भांडलो नाही. फोटो छापू नये असं सांगितलं असताना छापला, आणि तो कशाशेजारी लागला की काय वाचलं जाईल हे मला माहीत होतं. पाखरं औषधानं मेली. लिंबाजीच्या अंगातून कुणाला काही लागणारं नव्हतं, असा आजार माणसातून माणसाला, जनावराला किंवा दुधाला लागत नाही. दूध तेव्हा तपासलं होतं, परवा पुन्हा तपासून घेतलं आहे, संघाचं पत्र आप्पांना पोचलं आहे. दहाव्याला कावळे छावणीवर होते.

हे वाचून आप्पा कॅन घेतील असं मला वाटतं, कारण ते छापलेलं मानतात. पण हेच वाचून वहिनींना कळेल की तू त्यांच्याशी खोटं बोललास. दूध मापावर चढवायचं तर तुझं झाकलेलं उघडं करावं लागतं आहे, दुसरी वाट मला सापडली नाही. त्या माझ्यावर चिडतील तर ते मला सोपं जाईल. तुझ्यावर चिडल्या तर मी त्यांना काय सांगू, हे तू कुठं लिहून ठेवलेलं नाहीस.

अंक सकाळच्या एसटीनं वाडीवर येतो. मी संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला येईन. वहिनी डेअरीकडे निघालेल्या असतील. त्यांनी धरू दिला, तर कॅनचा एक कान मी धरीन.